हकीम कसाई झाला तेव्हा

निजामी अरूजी समरकंदी यांचं ‘चहार मकाला’ हे फारसी पुस्तक बाराव्या शतकातलं. बादशहाच्या दरबारात कातिब, शायर, नजूमी आणि तबीब असे चार माणसं लागतात, ती कशी असावीत याचं त्यात वर्णन आहे आणि प्रत्येकाच्या हिकायती आहेत. तबीबांच्या भागात अबू अली इब्न सीना यांची एक हिकायत येते. उर्दू शाळेत शिकलेल्या पुष्कळांनी ती कुठे ना कुठे ऐकली असेल.

बुवैही राजघराण्यातल्या एका तरुणाला मालीखोलिया झाला. आपण गाय आहोत असं त्याला वाटू लागलं. दिवसभर हंबरायचा आणि म्हणायचा, मला कापा, माझ्या गोश्ताचा चांगला हरीसा होईल. मग खाणंपिणंही सोडलं. तबीब थकले. शेवटी इब्न सीनांना साकडं घातलं गेलं. त्यांनी आधी निरोप पाठवला, ‘त्याला सांगा, कसाई येतोय.’ तरुण खूश झाला. इब्न सीना हातात सुरी घेऊन आत आले आणि विचारलं, गाय कुठे आहे? तरुण हंबरत पुढे आला आणि जमिनीवर आडवा झाला. त्याचे हातपाय बांधले. इब्न सीनांनी सुरीला धार लावली, शेजारी बसले, कसाई चाचपतो तशा त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि उठून उभे राहिले. म्हणाले, ही तर फारच रोड आहे, आज कापण्यात अर्थ नाही, चारा घाला, लठ्ठ झाली की बोलवा. त्या दिवसापासून तो समोर येईल ते खाऊ लागला. खाण्यातून औषधही पोटात गेलं. महिनाभरात बरा झाला.

हिकायत आहे, तिच्यात तिखटमीठ असणारच. पण हकिमांनी काय केलं ते बघा. ‘अरे, तू माणूस आहेस, डोकं ठिकाणावर आण’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते सगळं आधीच्यांनी म्हणून झालं होतं. ते रुग्णाच्या गोष्टीत शिरले, त्या गोष्टीत रिकामी असलेली एक भूमिका घेतली आणि आतून वाट काढली. औषध मात्र सोडलं नाही, हेही ध्यानात ठेवा.

हे सगळं आठवायचं कारण तुमची पत्रं. ‘घरात एकजण तसा आहे, त्याच्याशी बोलायचं कसं?’ या अर्थाची पत्रं या सदराला अधूनमधून येतात. सातारा-सांगलीकडची जास्त, कारण मी इकडची. ‘तसा’ हा शब्द बहुतेक पत्रांत असतो. आजाराचं नाव कुणी लिहीत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. ज्यांनी बी.एड. केलं आहे त्यांना जेकब मोरेनो हे नाव एकदा तरी भेटलं असेल. समाजमितीच्या प्रकरणात. वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारायचं, तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? उत्तरांचे बाण काढायचे. ज्याच्याकडे खूप बाण येतात तो ‘तारा’, ज्याच्याकडे एकही येत नाही तो ‘एकाकी’. आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. ही पद्धत काढणारा माणूस मनोविकारांचा डॉक्टर होता, आणि त्याचं खरं काम वेगळंच होतं, हे मला फार नंतर वाचनातून कळलं.

मोरेनोचा जन्म १८८९चा, बुखारेस्टचा. घराणं सेफार्दी यहुद्यांचं, म्हणजे १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यांना हाकललं गेलं त्या समाजातलं. त्या वेळी त्यांच्यातल्या हजारोंना आपल्या राज्यात आसरा देणारे उस्मानी सुलतान दुसरे बायजीद. याच बायजीदांनी १४८८ मध्ये एदिर्ने शहरात दारुश्शिफा बांधली होती. तिथे मनोरुग्णांना कारंज्याच्या पाण्याचा आवाज आणि संगीत ऐकवत असत. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी याने तिथल्या वादकांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. आज ती इमारत संग्रहालय आहे.

मोरेनो वाढला व्हिएन्नात. वैद्यकीचा विद्यार्थी असताना बागेत मुलांना जमवून गोष्टी सांगायचा, मुलं त्या करून दाखवायची. पुढे १९२२च्या सुमारास त्याने तिथे एक अजब नाटकघर काढलं. संहिता नाही, पाठांतर नाही, समोर येईल ते उत्स्फूर्त करायचं. त्याने स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. त्याच्याकडे बार्बरा नावाची नटी होती. साध्वी, प्रेमळ बायकांच्या भूमिका करायची. तिचं लग्न झालं आणि काही दिवसांनी नवरा रडकुंडीला येऊन मोरेनोला सांगू लागला, रंगमंचावरची ही परी घरात भांडी फेकते. मोरेनोने तिला पुढच्या खेळात रस्त्यावरच्या भांडकुदळ बाईची भूमिका दिली. मग तशाच भूमिका देत गेला. मनात साठलेलं रंगमंचावर निघून जाऊ लागलं, घरातली भांडी वाचली. पुढे त्याने नवऱ्यालाही तिच्याबरोबर उभं केलं आणि त्यांच्याच घरातले प्रसंग करायला लावले. यातून जे उपचाराचं तंत्र उभं राहिलं त्याला सायकोड्रामा म्हणतात. मनोनाट्य म्हणू या.

‘नाटक’ म्हटल्यावर काही वाचक नाक मुरडतील, त्यांच्यासाठी एवढंच की यात तिकीट नाही, मेकअप नाही, टाळ्या नाहीत. रुग्णाने आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगायचा नाही, करून दाखवायचा. वडील रागावले तो दिवस, किंवा जे बोलायचं राहून गेलं ते. बाकीचे रुग्ण किंवा शिकलेले मदतनीस वडील होतात, भाऊ होतात. कुणी रुग्णाच्या मागे उभा राहून त्याच्या मनातलं, त्याला न सुचलेलं बोलतो. आणि मग जागा बदलतात. रुग्ण वडील होतो, वडील झालेला मदतनीस मुलगा होतो. ही जागांची अदलाबदल म्हणजे या पद्धतीचा कणा.

मोरेनो १९२५ मध्ये अमेरिकेला गेला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कजवळ बीकन गावात त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं, त्यात गोल पायऱ्यांचा रंगमंच. पण खासगी दवाखान्यात एखादी नवी गोष्ट करणं आणि सरकारी वेड्यांच्या इस्पितळात ती चालवणं यात फरक आहे. तो फरक पार केला वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या रुग्णालयाने.

या रुग्णालयाच्या नावाचीच एक गोष्ट आहे. डोरोथिया डिक्स या बाईने सरकारच्या मागे लागून लागून ते १८५५ मध्ये उभं करवलं. डिक्स पेशाने शिक्षिका, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्त आपुलकी. सरकारी नाव होतं ‘वेड्यांचं सरकारी इस्पितळ’. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांनाही तिथे ठेवलं जाई. त्यांना घरी पत्र लिहायचं असे, पण वर पत्ता ‘वेड्यांचं इस्पितळ’ असा कसा घालणार? म्हणून ते त्या जमिनीचं जुनं नाव लिहू लागले, सेंट एलिझाबेथ. सैनिकांच्या या शरमेतून आलेलं नाव १९१६ मध्ये अधिकृत झालं. आपल्याकडे ‘येरवडा’ हे एका गावाचं नाव, पण वर्गात पोरं भांडली की ‘तुला येरवड्याला पाठवायला पाहिजे’ म्हणतात, तेव्हा कुणालाच गाव म्हणायचं नसतं.

तर १९४१ मध्ये या सरकारी रुग्णालयात मनोनाट्यासाठी खास रंगमंच बांधला गेला. अधीक्षक होते डॉ. विनफ्रेड ओव्हरहोल्सर. त्यांच्या आधीचे अधीक्षक डॉ. विल्यम व्हाइट यांनीही मोरेनोच्या कामाला पाठिंबा दिला होता, मोरेनोच्या १९३४च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच. काळही तसा होता. दुसरं महायुद्ध सुरू होतं. मनाने मोडलेले सैनिक येत होते. रुग्ण हजारोंनी, डॉक्टर मोजके. आज जी औषधं सर्रास दिली जातात त्यातलं पहिलं, क्लोरप्रोमाझिन, यायला अजून दहाएक वर्षं होती. एकेकट्या रुग्णाला तासभर वेळ देणं शक्यच नव्हतं. गटाने करायचा उपचार ही तिथली गरज होती.

गरज म्हटली की माणसं तयार करावी लागतात. म्हणून तिथे नुसते प्रयोग झाले नाहीत, प्रशिक्षण सुरू झालं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. जेम्स एनिस यांनी अनेक वर्षं त्या विभागाची धुरा वाहिली. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती अशी: या पद्धतीत दुसऱ्याचं मन हाताळायचं तर आधी स्वतः मधोमध उभं राहावं लागतं. शिकणारा प्रथम स्वतःच्याच आयुष्यातला प्रसंग सगळ्यांसमोर करून दाखवतो. मग इतरांच्या प्रसंगात बाप, बायको, साहेब, मेलेला भाऊ, जे सांगतील ते होतो. त्यानंतर अनुभवी माणसाच्या नजरेखाली तो दुसऱ्यांचे प्रसंग चालवायला शिकतो. अमेरिकेत या विषयाचं परीक्षा मंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या प्रमाणपत्रासाठी ७८० तासांचं प्रशिक्षण लागतं. आमच्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारे मी पाहिले आहेत, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

सेंट एलिझाबेथ्समध्ये हे तंत्र वॉर्डाबाहेरही पडलं. १९८०च्या दशकात तिथल्या लोकांनी पोलिसांना शिकवलं. घरातल्या भांडणाचा फोन आला, दार उघडलं, समोर हातात सुरी घेतलेला, भ्रमात असलेला माणूस. काय बोलायचं, किती अंतरावर उभं राहायचं? पोलिसांना तो प्रसंग करायला लावायचे आणि मग जागा बदलून त्या माणसाच्या जागी उभं करायचे. याच रुग्णालयात पाद्रींनाही रुग्णांमध्ये राहून काम करण्याचं शिक्षण मिळत असे. हे वाचल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. आपल्या मोहल्ल्यात कुणाची झोप उडाली, कुणी एकटं बडबडू लागलं, तर घरचे पहिल्यांदा कुणाकडे जातात? मौलानांकडे, किंवा एखाद्या बाबाकडे. डॉक्टर चौथ्या-पाचव्या क्रमांकावर. मग ज्यांच्याकडे लोक पहिल्यांदा जातात त्या इमाम साहेबांना आठ-दहा दिवसांचं तरी शिक्षण का मिळू नये? दुआ त्यांनी जरूर द्यावी. त्याच बैठकीत ‘उद्या सकाळी सिव्हिलला दाखवून या, मी पण येतो’ एवढं म्हणाले, तर त्या घरासाठी ते वाक्य माझ्या दहा लेखांपेक्षा जड आहे.

मोरेनोची पत्नी झेर्का हिची हकीकत घरातल्या बायकांना जवळची वाटेल. १९४१ मध्ये ती मोरेनोकडे आली ती स्वतःसाठी नाही, आजारी बहिणीला घेऊन. बहिणीवर उपचार झाले, झेर्का तिथेच मदत करू लागली, शिकली, आणि पुढे मोरेनोशी लग्न झालं. १९५८ मध्ये कर्करोगामुळे तिचा एक हात काढावा लागला. तरी १९७४ मध्ये मोरेनो गेल्यानंतरही ती देशोदेशी जाऊन शिकवत राहिली. २०१६ मध्ये, नव्व्याण्णवाव्या वर्षी वारली. रुग्णाची बहीण जगाची उस्ताद झाली.

मनोनाट्याच्या शेवटी एक टप्पा असतो. प्रसंग संपल्यावर बघणारे सगळे गोल बसतात आणि बोलतात. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य बंद. त्याऐवजी, हे बघताना मला माझ्या आयुष्यातलं काय आठवलं, तेवढं सांगायचं. आपल्याकडे कुणाच्या आजारपणाला भेटायला गेलेल्या पाहुण्यांना हा नियम लावला तर निम्मी माणसं मुकी बसतील.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ तिथेच केलं, मराठी रंगभूमी दिन त्याचाच. पण सांगली-साताऱ्याच्या रुग्णाला मोठं सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर येरवडा नाहीतर रत्नागिरी. महाराष्ट्रात नाटक आणि मनोविकार या दोन्ही घरांत वावरलेला माणूस म्हणून डॉ. मोहन आगाशे यांचं नाव घ्यावं लागेल. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस सगळ्यांना आठवतात. ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९८६ मध्ये जर्मनीतली ग्रिप्स ही मुलांच्या प्रश्नांवरची नाट्यचळवळ त्यांनी पुण्यात आणली, हे कमी लोकांना माहीत असतं. त्याच वर्षी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसनातून सुटलेली माणसंच तिथे पुढे इतरांना सावरणारी झाली. झेर्काची वाट आणि ही वाट एकच.

आता एका घरातली गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदलून. मुलगा एकोणीस वर्षांचा. कॉलेज सोडलं, खिडकी बंद करून बसायचा. गल्लीतले लोक आपलंच नाव घेऊन कुजबुजतात म्हणायचा. घरात सल्ल्यांचा पाऊस. फुफू म्हणाली नजर उतरवा, चाचा म्हणाले गॅरेजवर कामाला लावा, आणि नानी म्हणाली निकाह लावून द्या, आपोआप ठीक होईल. (हा शेवटचा सल्ला तर एका ऐवजी दोन आयुष्यं पणाला लावणारा.) त्यात मोठ्या बहिणीचं स्थळ बघणं चालू, म्हणून सगळं झाकून. आई माझ्याकडे आली आणि तासभर एकच सांगत होती, ‘आपा, बहुत जिद्दी है वो. सुनताच नहीं.’

मी त्यांना म्हटलं, भाभी, ही खुर्ची बदलू या. तुम्ही तुमचा मुलगा व्हा, मी तुम्ही होते. मग मी त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवली, ‘उठ, नहा, बाहर जा, लोग क्या बोलेंगे.’ त्या बराच वेळ गप्प होत्या. मग खाली बघत हळू आवाजात म्हणाल्या, ‘अम्मी, बाहर सब मेरा नाम लेते. आप भी बोलते लोग क्या बोलेंगे.’ आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं. जिद्दी हा शब्द त्यानंतर त्यांनी वापरला नाही. हा काही उपचार नव्हता. तो करणं माझं काम नाही आणि तुम्हीही घरी आजारी माणसावर असले प्रयोग करू नका. भ्रमात असलेल्या माणसाला आधी डॉक्टर आणि औषध लागतं. जागा बदलायची ती आपण, घरातल्या धडधाकट माणसांनी, आपापसात.

चार दिवसांनी मायलेक सिव्हिलमध्ये गेले. औषध सुरू झालं. आता तो जेवतो, झोपतो, संध्याकाळी वडिलांबरोबर चक्कर मारतो. कॉलेज अजून नाही. मध्ये बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे त्याने आणला. ‘ये कौन?’ असं विचारल्यावर आई म्हणाली, ‘मेरा बेटा. दवा चालू है उसकी, दिमाग की.’ त्या लोकांचा नकार आला. दुसरीकडे बोलणी चालू आहेत.

ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यासाठी थोडं कामाचं. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतल्या रुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. पळता न आल्याने २८ जण गेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आता मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे, मग ती जागा रुग्णालय असो वा कुठलीही आस्थापना. सरकारी सेवेत उपचार मिळणं हा याच कायद्याने हक्क झाला आहे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात गेलात की केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ एवढंच सांगा. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं असतील तर बरोबर न्या. तावीज काढून ठेवायला कुणी सांगणार नाही. आणि बाहेर पडणंच जमत नसेल, तर १४४१६ हा सरकारी ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.